ग्रेड दोनवरून एकवर आला, तरी लिव्हर सुधारलं नव्हतं

पुण्यातल्या सहकारनगरचे ५८ वर्षांचे एक गृहस्थ, सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, माझ्याकडे पोटाच्या सोनोग्राफीला आले ते पित्ताशयात खडे आहेत का हे बघायला. जेवल्यावर उजव्या बरगडीखाली जड वाटतं, ढेकर येतात, एवढीच तक्रार. फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'यूएसजी ॲब्डोमेन' इतकंच लिहिलेलं. सोबत पत्नी, आणि चार वर्षांचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेली फाइल. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.) टेबलावर आडवं होता होता काका म्हणाले, "लिव्हरचं आता बरं आहे मॅडम. आधी ग्रेड टू होतं, मागच्या वर्षी ग्रेड वनवर आलं." काकूंनी लगेच जोडलं, "मी तूप बंद केलं ना यांचं."

हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये सोनोग्राफी असतेच. त्यामुळे फॅटी लिव्हरचा ग्रेड आता घरोघरी शुगरच्या आकड्यासारखा बोलला जातो. रिपोर्टच्या शेवटी तो ठळक अक्षरांत असतो आणि मागच्या वर्षीच्या ग्रेडशी ताडून बघता येतो, म्हणून लोक तेवढाच लक्षात ठेवतात. पण ग्रेड सांगतो लिव्हरमध्ये चरबी साधारण किती दिसते ते. लिव्हर कडक होत चाललं आहे का, त्यात व्रणाचे धागे म्हणजे फायब्रोसिस किती झालं आहे, हे ग्रेडमधून कळत नाही. आणि रुग्णाचं पुढे काय होणार हे चरबीपेक्षा फायब्रोसिसवर कितीतरी जास्त अवलंबून असतं. काकांच्या बाबतीत हे दोन प्रश्न चार वर्षं एकमेकांत मिसळलेले होते.

स्कॅन सुरू करण्याआधी मी फाइल चाळली. अकरा वर्षांचा मधुमेह, शेवटचं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ८.१. ब्लडप्रेशरची एक गोळी. उंची १६६ सेंटिमीटर, वजन ६६ किलो. चार वर्षांपूर्वी ६७ होतं. बीएमआय २४ च्या आत. अंगकाठी सडपातळ, हातपाय बारीक, पोट मात्र शर्टाच्या बटणांवर ताण देणारं. टेप लावली तर कंबर ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० ही मर्यादा धरतात. दारू? काकूंनी गळ्यातल्या माळेकडे बोट दाखवलं. माळकरी घर, थेंबही नाही.

खटकलं ते इथेच. वजन जवळपास तेवढंच, कंबर तशीच, शुगर आटोक्यात नाही. लिव्हरमधली चरबी उतरते ती वजन उतरल्यावर: शरीराच्या वजनाच्या ५ टक्के कमी झालं तर चरबी घटू लागते, ७ ते १० टक्के कमी झालं तर सूजही उतरते. यातलं काही घडलेलं नसताना ग्रेड खाली कसा आला?

ग्रेड ठरतो कसा, ते आधी सांगते. पोटासाठी वापरतो तो वक्र प्रोब साधारण ३.५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा ध्वनी आत सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीचं चित्र तयार होतं. रुग्णाला डाव्या कुशीवर किंचित वळवून, उजवा हात डोक्यामागे घ्यायला लावून, "श्वास घ्या, धरा" म्हटलं की लिव्हर बरगडीखालून खाली सरकतं आणि लिव्हर व उजवी किडनी एकाच चौकटीत शेजारी शेजारी दिसतात. निरोगी माणसात दोन्हींची राखाडी छटा जवळपास सारखी असते, लिव्हर अगदी थोडं उजळ. चरबीचे थेंब साठले की त्यांच्यावर आदळून ध्वनी जास्त परततो, म्हणून लिव्हर उजळ दिसतं. आणि पुढे जायला ध्वनी उरत नाही, म्हणून खोलवरचा भाग काळवंडतो. पावसाळ्यात ताम्हिणी घाटातल्या धुक्यात हेडलाइट लावला की समोर पांढरं होतं आणि पुढचं वळण दिसत नाही, तसंच हे. लिव्हर किडनीपेक्षा उजळ आहे पण आतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती आणि मागचा पडदा म्हणजे डायफ्राम स्वच्छ दिसतो, तो ग्रेड एक. पोर्टल व्हेनच्या, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या शिरेच्या, भिंती पुसट व्हायला लागल्या की दोन. डायफ्राम आणि लिव्हरचा मागचा भाग दिसेनासा झाला की तीन.

हे सगळं डोळ्यांनी ठरतं. मशीनचा गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, थोडा वाढवला तर तेच लिव्हर उजळ दिसतं. पोटाच्या भिंतीवर चरबीचा जाड थर असेल तर ध्वनी तिथेच क्षीण होतो. किडनीच आजारी असेल तर तुलनेला आधारच राहत नाही, मग प्लीहेशी ताडावं लागतं. एकच लिव्हर दोन अनुभवी डॉक्टरांनी पाहिलं तर एक जण 'एक' लिहील आणि दुसरा 'दोन', आणि दोघांनाही चूक म्हणता येणार नाही. शिवाय लिव्हरच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी असली की आजाराची व्याख्या पूर्ण होते, पण साध्या सोनोग्राफीत ती भरवशाने दिसते २० ते ३० टक्के पेशी भरल्यावर. म्हणजे 'नॉर्मल' रिपोर्टही थोडी चरबी नाकारू शकत नाही. मध्यम किंवा जास्त चरबी ओळखायला सोनोग्राफी उत्तम आहे, स्वस्त आहे, किरणोत्सर्ग नाही, गावोगावी मिळते. माझा रोजचा व्यवसायच तो आहे आणि तिच्या उपयोगाबद्दल मला शंका नाही. फक्त ग्रेड एक आणि ग्रेड दोन यांतला फरक तापमापकावरच्या एका अंशासारखा वाचू नये.

आता काकांचं लिव्हर. किडनीपेक्षा उजळ होतं. डायफ्रामची पांढरी रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ. नियमाने बघितलं तर ग्रेड एकच. पित्ताशयात खडा नाही, भिंत बारीक. इथे थांबून रिपोर्ट लिहिता आला असता आणि काकांनी तो आनंदाने फाइलमध्ये लावला असता.

पण लिव्हरचा पोत बदललेला होता. चरबीचं लिव्हर उजळ असलं तरी गुळगुळीत, एकसारखं दिसतं. हे खरखरीत, जाड दाण्याचं होतं. चार वर्षांपूर्वीच्या रिपोर्टमध्ये उजवा लोब म्हणजे लिव्हरचा उजवा भाग १६.२ सेंटिमीटर होता, आता १२.८. मागच्या वर्षीच्या तपासणीनंतर कोणीतरी त्यांना "सूजही उतरली" असं सांगितलं होतं. डाव्या लोबची कडा, जी सुरीच्या पात्यासारखी निमुळती असायला हवी, ती बोथट झालेली. मागचा कॉडेट लोब त्या मानाने फुगलेला. मग मी प्रोब बदलला. थायरॉइड आणि हातापायाच्या शिरा बघायला जो सरळ, जास्त फ्रीक्वेन्सीचा प्रोब वापरतो, तो डाव्या लोबवर पोटाच्या मधोमध अलगद टेकवला. तो खोलवर बघू शकत नाही, पण लिव्हरचा पृष्ठभाग इतका बारकाईने दाखवतो की कॅप्सूलची म्हणजे लिव्हरच्या आवरणाची रेघ सरळ आहे की लहरी, हे लगेच कळतं. इथे ती बारीक बारीक उंचवट्यांनी लहरी झालेली होती. दोन मिनिटांचं हे काम आहे आणि मधुमेह असलेल्या प्रत्येक फॅटी लिव्हरमध्ये ते व्हावं असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतर प्लीहा. १३.१ सेंटिमीटर, किंचित मोठी. पोर्टल व्हेन १२ मिलिमीटर, प्रवाह लिव्हरच्याच दिशेने. पोटात पाणी नाही. लिव्हरमध्ये गाठ नाही.

ग्रेड खाली का आला, त्याचं उत्तर यात होतं. फायब्रोसिस पुढे जातं तसे चरबी साठवणाऱ्या पेशींच्या जागी व्रणाचे पट्टे येतात, लिव्हरमधला रक्तप्रवाह बदलतो आणि चरबी हळूहळू ओसरते. सिर्‍होसिसपर्यंत, म्हणजे फायब्रोसिसच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत, पोचलेल्या काही लिव्हरमध्ये तर चरबीचा मागमूसही उरत नाही. व्रणाच्या पट्ट्यांनी लिव्हर उजळ आणि दाणेदार दिसतं, पण ते चरबीइतका ध्वनी शोषत नाहीत. म्हणून चार वर्षांपूर्वी पुसट असलेला डायफ्राम पुन्हा स्पष्ट दिसायला लागला. रिपोर्टमध्ये उतरलेला ग्रेड आणि आकसलेला उजवा लोब, दोन्ही एकाच बिघाडाची चिन्हं होती, आणि दोन्ही सुधारणा म्हणून वाचली गेली होती.

मी फाइलमधले रक्ताचे कागद पुन्हा उघडले. चार वर्षांपूर्वी, वय ५४ असताना: एसजीओटी ४८, एसजीपीटी ७१ (पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी ही दोन एन्झाइम्स), प्लेटलेट २ लाख १४ हजार. या महिन्यात: एसजीओटी ५२, एसजीपीटी ४४, प्लेटलेट १ लाख ३८ हजार. एसजीपीटी ७१ वरून ४४ वर आलं हेही घरात चांगलं लक्षण मानलं गेलं होतं. पण आधी एसजीपीटी जास्त आणि एसजीओटी कमी होतं, आता उलटं झालं होतं, आणि प्लेटलेट एक तृतीयांशाहून जास्त घटल्या होत्या. प्लीहा मोठी होऊ लागली की प्लेटलेट तिच्यात अडकून राहतात.

या तीन आकड्यांवरून आणि वयावरून एफआयबी-फोर नावाचा निर्देशांक निघतो. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं हजारांतल्या प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने. १.३ च्या खाली असेल तर जास्त फायब्रोसिसची शक्यता कमी (वय ६५ च्या पुढे ही मर्यादा २ धरतात), २.६७ च्या वर असेल तर जास्त. काकांचा चार वर्षांपूर्वीचा निघाला १.४४. तेव्हाच पुढची तपासणी करावी असा. आताचा ३.२९. यासाठी नवीन रक्त घ्यावं लागलं नाही, मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर पुरला. २०२१ साली केंद्र सरकारने फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. मधुमेही रुग्णाच्या लिव्हरकडे बघणं हे आता तज्ज्ञापुरतं काम राहिलेलं नाही. एफआयबी-फोर कुठल्याही दवाखान्यात अर्ध्या मिनिटात निघतो आणि तो काढला जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

रिपोर्टमध्ये मी शेवटच्या ओळीत ग्रेड लिहिला नाही. लिव्हरचा पोत खरखरीत, पृष्ठभाग सूक्ष्म लहरी, उजवा लोब आधीपेक्षा लहान, प्लीहा किंचित मोठी. चरबी सौम्य दिसते, पण तिच्या कमी होण्याला सुधारणा समजू नये. दीर्घकालीन लिव्हरच्या आजाराची शक्यता, इलास्टोग्राफी (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) आणि लिव्हरतज्ज्ञांचा सल्ला आवश्यक. असं लिहिलं आणि फॅमिली डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी काकांना पुढे पाठवलं.

काका-काकूंना सांगणं अवघड होतं. "पण ग्रेड वन आहे ना?" काकूंनी दोनदा विचारलं. मी सांगितलं, "काकू, चरबी कमीच आहे. पण लिव्हर थोडं कडक झाल्यासारखं दिसतंय, आणि ते किती कडक आहे हे मोजायला वेगळं मशीन लागतं." तूप बंद करून आपलं काही चुकलं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात अपराधीपणा होता. तो त्यांच्या वाट्याला यायचं काही कारण नव्हतं. सांगितलेलं पथ्य त्यांनी चार वर्षं मनापासून केलं होतं. पथ्यात दिवसाचे पाच साखरेचे चहा, सोबतची खारी आणि बिस्किटं, रात्रीचा भात यांचा उल्लेखच कोणी केला नव्हता.

फायब्रोस्कॅन, म्हणजे इलास्टोग्राफीचाच एक प्रकार, एका मोठ्या हॉस्पिटलात झालं. ही तपासणीही ध्वनीचीच, पण तत्त्व निराळं. प्रोब बरगड्यांमधल्या फटीत टेकवून एक हलकी टिचकी मारतो. त्यातून ५० हर्ट्झची कंपनलाट लिव्हरमधून जाते आणि अल्ट्रासाउंड तिचा वेग मोजतो. लिव्हर जितकं कडक तितकी लाट वेगाने धावते. उत्तर किलोपास्कलमध्ये. किमान १० ग्राह्य मोजमापं घेतात आणि त्यांचा मध्यक धरतात. मोजमापांतली तफावत मध्यकाच्या ३० टक्क्यांच्या आत असावी लागते. आधी किमान तीन तास पोट रिकामं हवं, कारण जेवणानंतर लिव्हरकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि आकडा फुगतो. तीव्र कावीळ असेल किंवा हृदयाच्या कमजोरीने लिव्हरमध्ये रक्त तुंबलं असेल तरीही आकडा फसवा येतो. ही बाजू रिपोर्ट वाचताना बघायलाच हवी. काकांचा मध्यक १४.२ किलोपास्कल आला, तफावत १४ टक्के. ८ च्या खाली सहसा निश्चिंत राहता येतं, १२ च्या वर धोका जास्त मानतात. त्याच मशीनने चरबीचाही आकडा दिला, कॅप २६१. सौम्यच. म्हणजे सोनोग्राफीतला ग्रेड एक खोटा नव्हता. तो फक्त दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होता.

लिव्हरतज्ज्ञांनी हेपॅटायटिस बी आणि सी, थायरॉइड, लोह, ऑटोइम्यून आजाराच्या चाचण्या करून दुसरी कारणं नाकारली. औषधांची चौकशी करताना गुळवेलीचा काढाही विचारला. कोविडच्या काळात त्या काढ्यानंतर लिव्हरला इजा झाल्याची प्रकरणं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवली होती. काकांनी तो काही आठवडेच घेतला होता, तोही बऱ्याच वर्षांपूर्वी. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असल्यामुळे एंडोस्कोपी केली. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा नव्हत्या, ही या सगळ्यातली सर्वात चांगली बातमी. सिर्‍होसिसच्या उंबरठ्यावर, पण लिव्हरचं काम अजून शाबूत, असं निदान ठरलं. बायॉप्सीची गरज वाटली नाही.

"बारीक माणसाला, दारू न पिणाऱ्याला हे होतंच कसं?" हा घरातल्यांचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचं बरंचसं उत्तर याच शहरात शोधलं गेलेलं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास केला. बाळं वजनाने कमी भरत, स्नायू कमी असत, चरबी मात्र त्या मानाने टिकून असे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि डॉ. युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा एकत्र फोटो छापला: दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. काट्यावरचं वजन आपल्याकडे आतली चरबी लपवतं. म्हणून मी प्रत्येक फॅटी लिव्हरच्या रुग्णाची कंबर मोजते. दहा सेकंद लागतात.

उपचारांत जे बदललं त्यात दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी. तीन वर्षांपूर्वी "लिव्हर खराब आहे" म्हणून ती कोणीतरी बंद केली होती. ती पुन्हा सुरू झाली. फॅटी लिव्हरमध्ये, आणि काम शाबूत असलेल्या सिर्‍होसिसमध्येही, ती चालते. अशा रुग्णांना हृदयविकाराचा धोका मोठा असतो आणि तिथे ती वाचवते.

दुसरी म्हणजे जेवण. काकांनी ऐकल्याबरोबर महिन्याच्या दोन एकादशींत सोमवारची भर घालायचं ठरवलं होतं. तज्ज्ञांनी ते थांबवलं. लिव्हर कडक झालेल्या माणसात साखरेचा साठा लवकर संपतो आणि शरीर स्नायू मोडून ऊर्जा काढायला लागतं. लांबलचक उपाशी राहणं तिथे घातक. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन, आणि झोपण्याआधी थोडं खाणं. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीऐवजी दूध, ताक, मूठभर शेंगदाणे, राजगिऱ्याची भाकरी, निर्जळ नाही. काकूंनी एका वहीत डाळ, मटकी, पनीर, दही यांतल्या प्रोटीनचा हिशेब लिहायला सुरुवात केली. चहा दोनवर आला, तोही बिनसाखरेचा. सकाळी तळजाई टेकडीवर चालणं आधीपासून होतं. त्यात घरीच खुर्चीवरून उठबस आणि रबरी पट्ट्यांचे व्यायाम आले. मुलाने इंटरनेटवर रेसमेटिरॉम या नव्या औषधाबद्दल वाचलं होतं. अमेरिकेत २०२४ साली त्याला मान्यता मिळाली ती सिर्‍होसिसच्या अलीकडच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी, म्हणून काकांच्या बाबतीत तो विषय पुढे गेला नाही.

माझ्याकडे ते आता दर सहा महिन्यांनी येतात. अशा लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ लहान असतानाच सापडावी म्हणून सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्तचाचणी करायची असते. या तपासणीत 'गाठ नाही' लिहिण्याआधी लिव्हरचा किती भाग खरोखर दिसला, हेही मी लिहिते. डायफ्रामच्या घुमटाखालचा भाग फुप्फुसाच्या आड जातो, खोल भाग धूसर असू शकतो. तो दिसलाच नसेल तर गाठ नाही असं म्हणता येत नाही, आणि मग एमआरआय सुचवावा लागतो. काकांचं सुदैव की त्यांचं लिव्हर जवळजवळ पूर्ण दिसतं. पहिल्या सहा महिन्यांत वजन ६३ किलोवर आलं, कंबर ९०, एचबीएवनसी ६.९. प्लेटलेट १ लाख ४१ हजार, म्हणजे स्थिर. फायब्रोस्कॅन वर्षाने पुन्हा करायचं आहे. त्याआधी केलं तर सूज उतरल्याने आकडा खाली येतो आणि व्रण विरघळला असं वाटू शकतं.

जवळच्या नात्यात सिर्‍होसिस असेल तर भावंडं आणि मुलांनाही धोका जास्त असतो, म्हणून हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलालाही बोलावलं. वय ३१, बीएमआय २८, एसजीपीटी ६४. एफआयबी-फोर ३५ वर्षांच्या आत भरवशाचा नसतो, म्हणून थेट फायब्रोस्कॅन केलं. सोनोग्राफीत त्याचा ग्रेड दोन आला, कॅप २९२. लिव्हरचा कडकपणा ५.२ किलोपास्कल.

दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी ठेवून काकूंनी विचारलं, "मग याचं जास्त वाईट की यांचं?" मी त्यांना किलोपास्कलच्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं. मुलाच्या लिव्हरमध्ये चरबी वडिलांपेक्षा जास्त आहे, पण ते मऊ आहे, आणि या वयात वजन सात-आठ किलो उतरवलं तर चरबी जवळपास पूर्ण जाऊ शकते. त्याने ऑफिसातलं संध्याकाळचं कोल्ड्रिंक बंद केलं आहे आणि वडिलांबरोबर शनिवार-रविवार तळजाईला जायला लागला आहे. त्याची पुढची मोजणी वडिलांच्या वार्षिक फायब्रोस्कॅनच्याच दिवशी ठरवली आहे.